गोणपाट: शब्द, अर्थ, मूळ आणि वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोणपाट म्हणजे नेमकं काय?

जाड, खरखरीत, विरळ विणीचं कापड, ज्याची पोती शिवतात, ते गोणपाट. आज ते बहुतेक वेळा बंगालच्या तागाचं, म्हणजे ज्यूटचं असतं. पण ज्यूट हा शब्दाच्या अर्थाचा भाग नाही. गोणपाट हे नाव धाग्यावरून पडलेलं नसून कामावरून पडलेलं आहे: गोण ज्याची करतात ते कापड. या शब्दाबद्दलचे बरेचसे गोंधळ ही एक गोष्ट लक्षात ठेवली की सुटतात.

शब्द नपुंसकलिंगी: ते गोणपाट, दोन गोणपाटं. पसरायला, गुंडाळायला, झाकायला घेतलेलं सुटं कापड म्हणजे गोणपाट. त्याची शिवलेली पिशवी म्हणजे पोतं किंवा गोणी. बोलताना उसवलेल्या पोत्यालाही गोणपाट म्हणतात, आणि त्यात काही चूक नाही.

शब्दाची फोड कशी होते?

गोण अधिक पट. पट म्हणजे कापड. तोच शब्द मराठीत ‘पाट’ होऊन मागे जोडला गेला. बसायच्या लाकडी पाटाशी किंवा पाण्याच्या पाटाशी त्याचा संबंध नाही.

पहिला भाग, गोण किंवा गोणी, फार जुना. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (4.1.42) ‘गोणी’ हे रूप ‘आवपन’ या अर्थी सांगितलं आहे. आवपन म्हणजे ज्यात धान्य वगैरे ओतून भरतात ते साधन. हा अर्थ नसेल तर रूप ‘गोणा’ होतं, असा फरकही व्याकरणकार करतात. म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळ हा शब्द धान्य भरण्याच्या पिशवीलाच चिकटून आहे. पुढे आयुर्वेदाच्या मापांतही तो आला. आयुर्वेदकार शार्ङ्गधराच्या परिभाषेत दोन द्रोणांचं एक शूर्प आणि दोन शूर्पांची एक गोणी. पिशवीचं नाव मापाला मिळणं आपल्याला परकं नाही, आजही ‘यंदा चाळीस पोती झाली’ असंच सांगतात.

‘गोणी’चा गाईशी संबंध आहे का? ‘गो’ दिसतो म्हणून विचारतो.

हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. पतंजलीच्या महाभाष्यात, अगदी पहिल्या आह्निकात (प्रकरणात), ‘गौः’ या शब्दाचे अपभ्रंश दिले आहेत: गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. म्हणजे त्या काळी काही लोक गाईला ‘गोणी’ म्हणत, आणि वैयाकरणांच्या लेखी ते रूप अशुद्ध होतं. पण पोत्याची ‘गोणी’ हा निराळा आणि शुद्ध शब्द. भर्तृहरीने वाक्यपदीयात हेच उदाहरण घेऊन म्हटलं आहे की असे शब्द दुसऱ्या अर्थाच्या प्रांतात साधूच, म्हणजे शुद्धच, असतात. त्यामुळे ‘गाईच्या कातड्याची पिशवी म्हणून गोणी’ ही अधूनमधून वाचायला मिळणारी व्युत्पत्ती सोडून द्यावी.

कन्नडात गोणी, तमिळमध्ये कोणि, हिंदीत गोन अशी रूपं आहेत. दख्खनच्या दोन्ही बाजूंना हा शब्द एकाच अर्थाने नांदतो.

इंग्रजीतलं ‘गनी बॅग’ आपल्याकडून गेलं का?

हो. ‘गनी’ हा गोणीचाच इंग्रजी उच्चार. व्यापाऱ्यांनी माल घेतला, सोबत पिशवीचं नावही नेलं.

त्याच कापडाची इतर इंग्रजी नावं वेगळ्या वाटांनी आली. ‘हेसियन’ हे जर्मनीतल्या हेसन प्रांतावरून. ‘ज्यूट’ बंगाली-ओडिया झुटो, झोटो यांवरून अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रुळलं. त्यामागे केसांच्या जटेचा संस्कृत शब्द असल्याचं मानतात, आणि सोललेल्या तागाची लड पाहिली की ते पटतं. अमेरिकेत ‘बर्लॅप’ म्हणतात, त्याच्या मुळाबद्दल कोशकारांचं एकमत झालेलं नाही. ‘सॅक’ मात्र सेमिटिक भाषांतून ग्रीक ‘साक्कोस’, लॅटिन ‘साक्कुस’ असा फिरत युरोपभर पसरला.

मराठी बायबलात ‘गोणताट’ येतं. ते ज्यूटचंच का?

नाही. शोक किंवा पश्चात्ताप दाखवायला जे नेसत, ते कापड शेळीच्या किंवा उंटाच्या केसांचं, काळपट असे. हिब्रू शब्द ‘साक’, वर सांगितलेल्या ‘सॅक’चं मूळ तेच. भाषांतरकारांनी मराठी वाचकाला त्या कापडाचा खरखरीतपणा आणि हलकेपणा कळावा म्हणून गोणीच्या कुळातला शब्द घेतला, आणि तो योग्यच आहे. वाचताना डोळ्यांसमोर तपकिरी ज्यूटचं पोतं आणू नये, एवढंच.

तरट, किलतान, बारदान, पोतं, गोणी, गोणता, कट्टा, चुंगडी: हे सगळं एकच का?

नाही, आणि बाजारात हा फरक पैशांचा असतो.

तरट हे कापड, गोणपाटाचाच समानार्थी शब्द. आडोसा करायला, दाराला लावायला, अंथरायला वापरलेलं गोणपाट बहुधा तरट होतं. हिंदीतला शब्द टाट. किलतान हे पश्चिम महाराष्ट्रात ऐकू येतं, कापडालाही आणि त्याच्या पोत्यालाही. गोणता किंवा गोणतं म्हणजे पोत्याचा तुकडा किंवा जुनं, लहान पोतं. पावसात एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावरून घेतात ती गोणत्याची खोळ.

पोतं आणि गोणी या भरायच्या पिशव्या. मुंबईकडे गोणी जास्त, देशावर आणि विदर्भ-मराठवाड्यात पोतं जास्त. पूर्वी बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणारी दुहेरी पिशवी असे, तिला कंठाळ म्हणत. वंजारी-लमाणांच्या तांड्यांनी धान्य आणि मीठ वाहिलं ते अशा गोणींतून. चुंगडी हे विदर्भातलं लहान पोतं. कट्टा म्हणजे बाजारात साधारण 50 किलोची पिशवी, आणि आज ती बहुतेकदा प्लॅस्टिकची असते.

बारदान या सगळ्यांहून वेगळं. त्यात कापडही नाही आणि आकारही नाही. मालाचं वेष्टण, मग ते कशाचंही असो, म्हणजे बारदान.

‘बारदान’ कुठून आलं?

फारसीतून. बार म्हणजे ओझं, दान म्हणजे ठेवायचं पात्र. पानदान, अत्तरदान, फुलदाणी, पिकदाणी यांत जो शेवट आहे तोच इथे. ओझं ज्यात ठेवायचं ते बारदान. बाजार समितीत आणि सरकारी खरेदीत ‘बारदाना’ असं पुल्लिंगी रूपही चालतं. ‘बारदान्याअभावी खरेदी बंद’ ही ओळ तूर आणि सोयाबीनच्या हंगामांत शेतकऱ्यांनी पुन्हापुन्हा वाचली आहे. 2017 साली तुरीच्या वेळी आणि 2024-25 मध्ये सोयाबीनच्या वेळी खरेदी केंद्रांवर हेच झालं. माल अंगणात, भाव जाहीर, आणि भरायला पोतं नाही.

बोलीत मोठ्या खटल्याच्या घरालाही बारदान म्हणतात: ‘एवढं बारदान पोसायचं कसं?’ ओझ्याचा अर्थ तिथेही शाबूत आहे.

पोतदार आणि पोतनीस यांचा पोत्याशी संबंध काय?

मराठेशाहीच्या दफ्तरात ‘पोतें’ म्हणजे खजिना. त्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, नाणी पारखून घेणारा पोतदार. धान्याच्या पोत्याशी या आडनावांचा संबंध जोडू नये.

ताग म्हणजे ज्यूट ना? मग आमच्याकडे शेतात हिरवळीचं खत म्हणून पेरतात तो ताग कोणता?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. मराठीत ‘ताग’ दोन अगदी वेगळ्या झाडांना म्हणतात.

बंगालचा ताग म्हणजे ज्यूट, कॉर्कोरस प्रजातीतला. त्याच्या दोन जाती धाग्यासाठी लावतात, कॅप्सुलॅरिस आणि ऑलिटोरियस. त्याला गाळाची जमीन, दमट हवा आणि खोड कुजवायला भरपूर साचलेलं पाणी लागतं, म्हणून तो गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात होतो.

महाराष्ट्रातला ताग म्हणजे क्रोटालेरिया जन्सिया. पिवळ्या फुलांचा, शेंगवर्गीय, मुळांवर नत्राच्या गाठी धरणारा. संस्कृतातला शण तो हाच, काही भागांत त्याला बोरूही म्हणतात. हेक्टरी 50 ते 60 किलो बी पेरून, 45 ते 50 दिवसांनी, फुलं येऊ लागताच तो जमिनीत गाडतात. उशीर केला तर खोड राठ होतं, लवकर कुजत नाही आणि पुढच्या पिकाला नत्र वेळेवर मिळत नाही. खोडाचं असं राठ होणं दोरखंड वळणाऱ्याला हवंच असतं, कारण राठ होतो तो त्यातला धागाच.

तिसरं झाड अंबाडी. तिची भाजी खातात आणि खोडाच्या सालीचा वाख, म्हणजे धागा, काढतात.

दख्खनमध्ये बंगाली ज्यूट येण्याआधी गोणपाट, सुतळी आणि दोर व्हायचे ते या शणाचे आणि अंबाडीचे. म्हणून जुन्या मराठी मजकुरात ‘तागाचं गोणपाट’ वाचलं तर ते ज्यूट समजू नका, आणि कृषी सेवा केंद्रात ‘तागाचं बी’ मागितलं तर ज्यूटचं मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मग ज्यूटने सगळी जागा कधी घेतली?

एकोणिसाव्या शतकात. स्कॉटलंडमधल्या डंडीत 1830 च्या दशकात यंत्रावर ज्यूट कातणं जमलं. धागा ठिसूळ होता, तो व्हेल माशाच्या तेलाने मऊ करून घेतला तेव्हाच चाती चालली. 1855 मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा इथे भारतातली पहिली ज्यूट गिरणी सुरू झाली, आणि पुढे हुगळीच्या दोन्ही काठांवर गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीचं पोतं स्वस्त आणि एकसारख्या मापाचं. गावातला हातमागावरचा गोणपाटवाला त्यापुढे टिकला नाही. 1947 च्या फाळणीत गिरण्या इकडे आणि तागाची उत्तम शेती पूर्व बंगालात राहिली.

कापड बदललं, धागा बदलला, विणणारे हात बदलले, तरी मराठी बोलणाऱ्याने नवा शब्द शोधला नाही. गोणीचं कापड ते गोणपाटच राहिलं.

गोणपाट विकत घेताना ‘दहा औंस’, ‘आठ औंस’ म्हणतात ते काय?

40 इंच पन्ह्याच्या एक वार कापडाचं वजन. दहा औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण 305 ग्रॅम, आठ औंस म्हणजे 245 च्या आसपास, साडेसात औंस म्हणजे 230 च्या आसपास. आकडा जितका मोठा तितकी वीण दाट.

झाडांच्या मुळांचा गोळा बांधायला साडेसात-आठ औंस पुरतं. खुर्चीच्या स्प्रिंगांवर ताणायला किंवा पिशव्या शिवायला दहा औंस घ्या, कमी घेतलं तर शिवणीजवळ धागे सरकून फट पडते. आणि हे हेसियनचे आकडे आहेत, म्हणजे एक ताणा, एक बाणा अशी साधी वीण. धान्याच्या पोत्याचं कापड वेगळं असतं: त्यात ताण्याचे धागे जोडीने आणि वीण तिरपी, ट्विल. दोन्ही उजेडात धरा. साध्या विणीत चौकोनी भोकं दिसतात, ट्विलमध्ये तिरक्या रेघा.

धान्याच्या पोत्याचं वजन किती धरायचं?

सरकारी खरेदीतलं नवं 50 किलोचं ज्यूटचं पोतं 94 × 57 सें.मी. मापाचं आणि सुमारे 580 ग्रॅमचं असतं. गठ्ठा 500 नगांचा. जुनं 100 किलोचं ‘बी-ट्विल’ प्रकारचं पोतं 44 × 26.5 इंच आणि सव्वादोन पौंडांचं, म्हणजे 1020 ग्रॅमचं होतं. मालाच्या वजनातून ‘पोत्याला किलोभर बारदान’ वजा धरायची तोंडी सवय त्या पोत्याची आहे. 50 किलोच्या पोत्यालाही किलोच वजा केला, तर शेतकऱ्याचे पोत्यामागे 420 ग्रॅम जातात, शंभर पोत्यांमागे 42 किलो. वजा करायचं ते प्रत्यक्ष बारदान: त्याच लॉटमधली दहा रिकामी पोती एकत्र तोला आणि सरासरी काढा.

एकच पोतं तोलू नका. ज्यूट हवेतला ओलावा भरपूर शोषतं. धाग्यात प्रमाण म्हणून 13.75 टक्के ओलावा धरतात, पण पावसाळ्यात तो वीसच्या पुढे जातो. तेच पोतं मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये वेगळं भरतं.

नव्या पोत्याला रॉकेलसारखा वास येतो. ते चालतं का?

तो वास कातताना लावलेल्या खनिज तेलाचा. व्हेलच्या तेलाची जागा पुढे त्याने घेतली. सालीसकट धान्याला फारसा फरक पडत नाही. पण कॉफी, कोको, शेंगदाणे, काजूगर यांत तेल उतरतं आणि वास बसतो. त्यांच्यासाठी वनस्पती तेलावर कातलेली, हायड्रोकार्बनमुक्त पोती मिळतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यांत ज्याचा साबण होत नाही अशा तेलाचा अंश किलोला 1250 मिलिग्रॅमच्या आत लागतो. उन्हात टाकून वास कमी होतो, तेल जात नाही.

जुनी पोती पुन्हा धान्याला वापरायची तर?

उलटी करून झटका. किडीची अंडी आणि अळ्या तळाच्या शिवणीत आणि कोपऱ्यांच्या कानांत असतात, म्हणून नुसतं बाहेरून झटकून उपयोग नाही. उकळत्या पाण्यात 15 मिनिटं बुडवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. आत थोडासा ओलावा राहिला तरी धान्याला बुरशी येते, आणि ती मधल्या पोत्यांत सुरू होते, जिथे कोणी बघत नाही. खताची आणि कीटकनाशकाची पोती धान्याला कधीच नाहीत, कितीही धुतली तरी.

भरताना तोंडापासून वीतभर जागा सोडा, काठ आत दुमडा, दोन्ही कोपऱ्यांना कान ठेवून दाभण-सुतळीने शिवा. कान नसेल तर हमालाला धरायला जागा उरत नाही, मग तो लोखंडी आकडा मारतो आणि पोतं फाटतं. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूट-दीड फूट दूर.

बांधकामावर काँक्रीट ओलं ठेवायला कॉलमला गोणपाट गुंडाळतात, त्यात काय चुकतं?

तीन गोष्टी चुकतात. पहिली, साखरेची पोती. साखर सिमेंटचं घट्ट होणं रोखते, ताज्या काँक्रीटचा पृष्ठभाग भुसभुशीत राहू शकतो. महाराष्ट्रात अशी पोती सहज मिळतात, कारण धान्यासाठी 100 टक्के आणि साखरेसाठी 20 टक्के ज्यूट वेष्टण 1987 च्या कायद्याखाली ठरवून दिलं आहे. ती वापरायची तर आधी दोन-तीन पाण्यांतून धुवावी लागतात. मिठाची आणि खताची पोती वापरूच नयेत.

दुसरी, वाळलेलं गोणपाट. सकाळी भिजवलं आणि दुपारी कोरडं पडलं, तर ते काँक्रीटमधलंच पाणी ओढतं. दोन थर, जोडाला 10 ते 15 सें.मी. चढवून, सुतळीने घट्ट बांधा. उन्हाळ्यात दिवसातून निदान तीन-चार वेळा भिजवा, बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळलं तर निम्मे कष्ट वाचतात.

तिसरी, लवकर सोडणं. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेल्याला किमान 10, आणि कोरड्या उष्ण हवेत ते अनुक्रमे 10 आणि 14 दिवस.

गोणपाट किती टिकतं? पिवळं का पडतं?

ज्यूटमध्ये 12 ते 14 टक्के लिग्निन असतं. उन्हाने ते बदलतं, कापड आधी पिवळं, मग तपकिरी, मग ठिसूळ होतं. ओल्या जमिनीला टेकलेलं गोणपाट एका पावसाळ्यात कुजू लागतं. रोपाच्या मुळांना बांधायला हा गुण हवाच असतो, खड्ड्यात ते कापडासकट लावता येतं. फक्त खोडाजवळची सुतळी कापा, आणि कापडाचा काठ मातीवर राहू देऊ नका, तो वातीसारखं पाणी वर ओढून उडवतो.

विणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला गोणी म्हणणं बरोबर आहे का?

गोणी म्हणा, पोतं म्हणा, बरोबरच आहे. आवपन या अर्थात धाग्याची अट कधीच नव्हती. गोणपाट किंवा तरट मात्र म्हणू नका. हे कापडाचे शब्द आहेत आणि ऐकणारा नैसर्गिक धागा समजून घेतो. दुकानातून आणलेलं खरंच तागाचं आहे का, याची शंका असेल तर दोन धागे ओढून जाळा. ताग कागदासारखा जळतो आणि चिमटीत चुरगळणारी राख उरते. प्लॅस्टिक आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो.